दंड वजावट : निरंक – सरकारी पोर्टलचा खर्च आणि जबाबदारी कशी शोधायची

मी सोलापुरात, पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवणारा छोटा कारखाना चालवते. एरवी सात मशिनी, सीझनला अकरा. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. १५ जूनला शाळा उघडते. त्याआधी माल पोचला नाही तर शाळा बिलातून पैसे कापते. ऑर्डरच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं आणि कापतातही. तिथं रडून उपयोग नसतो.

काही वर्षांपूर्वी एका परवान्याच्या नूतनीकरणाची फी मी एका सरकारी पोर्टलवर भरायला बसले. मुदतीचा शेवटचा दिवस होता. खात्यातून पैसे दोनदा गेले, पावती एकदाही आली नाही. संध्याकाळी पोर्टल जे बंद पडलं ते तिसऱ्या दिवशी उघडलं. वर विलंब शुल्क मलाच. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, त्या नावानं तुमचं काम अडणार नाही. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, ते कंपनीकडं असतं, आमच्या हातात काही नाही." घरी येताना डोक्यात एकच घोळत होतं. मला उशीर झाला की माझे पैसे कापतात, मग या कंपनीचे कोण कापतं?

या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळवायला मला चौदा महिने आणि चार अर्ज लागले. त्यातले पहिले दोन अर्ज माझ्याच अडाणीपणामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. महापालिका असो, जिल्हा परिषद असो की जिल्हाधिकारी कार्यालय, पद्धत तीच.

आधी हे जवळ ठेवा

– पोर्टल बंद पडल्याचे स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असे. मोबाइलवर घेतलात तर वरची घड्याळाची पट्टी कापू नका.
– बँकेचं स्टेटमेंट किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक.
– तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक. तोंडी तक्रार धरू नका.
– माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ' नमुना आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. स्टॅम्प कोर्टाच्या आवारात व्हेंडरकडं मिळतो, अर्जाच्या दिवशी शोधत फिरू नका. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर शुल्क माफ आहे, कार्डाची प्रत जोडा.
– एक शंभर पानी वही. पुढं कळेल कशाला.

१. सेवा कुणाची आणि पोर्टल कुणाचं, हे वेगळं करा

तुम्ही ज्या पडद्यावर पैसे भरता त्याच्यामागं साधारण चार जण उभे असतात: सेवा देणारं खातं, पोर्टलची मालकी असलेली संस्था, तिनं नेमलेली खासगी कंपनी आणि पैसे फिरवणारा पेमेंट गेटवे. काहीही बिघडलं की हे चौघं एकमेकांकडं बोट दाखवतात. म्हणून अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते आधी ठरवा.

सात-बारा ऑनलाइन काढताना अडचण आली म्हणून तलाठ्याला विचारून काही मिळत नाही, कारण ती यंत्रणा भूमी अभिलेख विभागाची आहे. 'आपले सरकार' राज्य सरकारचं आहे. काही पोर्टल महाआयटी ही राज्य सरकारची कंपनी सांभाळते, काही एनआयसी ही केंद्र सरकारची संगणक संस्था. महापालिकेचं मुख्य कार्यालय इंद्रभुवनच्या आवारात, पण 'स्मार्ट सिटी'तून झालेल्या कामांचे कागद तिथं असतीलच असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांत सोलापूर होतं. त्या कामांसाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड अशी वेगळी कंपनी निघाली. तिच्यात सार्वजनिक पैसा आहे, त्यामुळे माहितीचा अर्ज तिथंही चालतो. केंद्राचं हे अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. तेव्हा त्यातून उभ्या राहिलेल्या एखाद्या यंत्रणेचा रोजचा खर्च आता कुणाच्या खिशातून जातो, हा सरळ विचारण्यासारखा प्रश्न आहे.

मालक ओळखायची माझी साधी युक्ती अशी: पोर्टलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात मालकी लिहिलेली असते ती वाचा, मग बँकेच्या स्टेटमेंटवर पैसे कुणाच्या नावानं गेले ते बघा. दोन्ही नावं वेगळी निघाली तर दोन्ही वहीत लिहा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पाठवतातही, पण प्रवासात दिवस जातात.

२. घरबसल्या दिसतं ते आधी बघून घ्या

माझा पहिला अर्ज ज्यासाठी होता त्यातलं निम्मं आधीच उघड्यावर पडलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं.

राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर जुन्या निविदा शोधता येतात. कार्यालयाचं नाव आणि 'पोर्टल', 'सॉफ्टवेअर', 'देखभाल' असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही टाकून बघा. निविदा कधी निघाली, कोणत्या टप्प्यावर गेली, शुद्धिपत्रकं (निविदेत मागाहून केलेले बदल) किती निघाली, हे कळतं. निविदा क्रमांक वहीत उतरवा. अर्जात तो क्रमांक टाकला की "कोणत्या कामाची माहिती हवी हे स्पष्ट होत नाही" या उत्तराची सोय बंद होते. शोधून काहीच सापडलं नाही तर खरेदी केंद्र सरकारच्या जेम (GeM) या खरेदी पोर्टलवरून झाली असेल, किंवा निविदा न काढताच झाली असेल. महापालिकांत याला 'पाच-दोन-दोन' म्हणतात. महापालिका अधिनियमातल्या त्या नियमानं स्थायी समितीच्या मंजुरीनं निविदा न मागवता करार करता येतो, मात्र कारणं नोंदवावी लागतात. नोंदवलेली ती कारणं म्हणजे एक कागद, आणि कागद मागता येतो.

महापालिकेचं बजेट आणि सभेचे ठरावही बघा. सोलापूरच्या २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्यामुळे प्रशासकांच्या काळातल्या मंजुऱ्या शोधताना 'प्रशासक ठराव' असं शोधावं लागतं. मी आधी सर्वसाधारण सभेच्या ठरावांत डोकं घालून बसले होते.

काम एखाद्या सरकारी कंपनीकडं असेल तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे ताळेबंद आणि इतर सार्वजनिक कागद पाहता येतात. एकदा कागद उघडायला सुरुवात केली की तीनच तास मिळतात, म्हणून जेवून बसा.

३. 'एकूण खर्च किती?' असं विचारू नका

ही माझी दुसऱ्या अर्जातली चूक. मी विचारलं, "सदर पोर्टलवर आजपर्यंत झालेला एकूण खर्च कळवावा." उत्तरात एक ओळ आली, एक आकडा. मला वाटलं, झालं काम. नंतर कळलं की तो फक्त पोर्टल बनवण्याचा मूळ कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर होती. मशीन विकत घेतल्याची किंमत म्हणजे कारखाना चालवायचा खर्च नव्हे, एवढं तरी मला कळायला हवं होतं. वीज, सुया, धागा, मेस्त्री, कारागिरांची मजुरी कुठं गेली?

पोर्टलचेही असे सुटे खर्च असतात आणि ते वेगवेगळ्या लेखाशीर्षांत, म्हणजे हिशेबाच्या वेगवेगळ्या खात्यांत, विखुरलेले असतात. वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी, संगणक विभागाच्या खात्यात. क्लाउड किंवा सर्व्हरचं भाडं कधी त्याच बिलात, कधी वेगळं. नागरिकांना जाणाऱ्या एसएमएसचं बिल कर विभागात. कार्यालयात बसवलेले डेटा एन्ट्रीचे ऑपरेटर मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या बिलात. सुरक्षा तपासणी वेगळी. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'बदल मागणी'. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, लावलं बिल. एखादा नवा अहवाल हवा, लावलं बिल. मूळ करार स्वस्तात घ्यायचा आणि बदल मागण्यांत वसूल करायचा, हे आमच्या शिवणकामातही चालतं. शर्ट कमी दरात घेतात आणि खिशावरच्या बिल्ल्याला वेगळे पैसे लावतात. यातल्या बहुतेकांवर १८ टक्के जीएसटी. आकडा जीएसटीसह आहे की सोडून, ते प्रत्येक कागदावर तपासा, नाहीतर बेरीज कधीच जुळणार नाही.

पेमेंट गेटवेचंही विचारा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला लागणारं एमडीआर शुल्क शून्य आहे. तरी तुमच्याकडून यूपीआयवर 'सुविधा शुल्क' घेतलं असेल तर ते कोणत्या आदेशानं घेतलं आणि कुणाच्या खात्यात जमा झालं, या दोन कागदांची मागणी करा.

सगळे तुकडे हाती आले की एक भागाकार करायचा. समजा, एका सेवेची देखभाल १२ लाख, सर्व्हर ६ लाख, ऑपरेटर ६ लाख, एसएमएस २ लाख ४० हजार, सुरक्षा तपासणी १ लाख ६० हजार. वर्षाचे झाले २८ लाख. वर्षात ७० हजार अर्ज आले असतील तर एका अर्जामागं ४० रुपये. पोर्टल बनवायला ६० लाख लागले होते आणि ते पाच वर्षं वापरायचं धरलं, तर वर्षाला आणखी १२ लाख. मग तोच आकडा ५७ रुपयांवर जातो. (हे आकडे हिशेबाची रीत दाखवायला मी घेतलेत, कुठल्याही कार्यालयाचे नाहीत.) ब्रिटनमध्ये २०११ साली गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस नावाचं खातं निघालं, त्यांनी एका व्यवहाराला किती खर्च येतो हे सेवांना मोजायला आणि उघड करायला लावलं होतं. आपल्याकडं तो भागाकार सध्या तरी आपणच वहीत करायचा.

४. अर्ज लिहिणं

महाराष्ट्रात २०१२ पासून माहितीच्या अर्जाला दोन बंधनं आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्ज लांबला की परत येतो. त्यामुळे रागाचे चार शब्द, झालेला त्रास, 'सामान्य नागरिकांची पिळवणूक' वगैरे सगळं बाजूला ठेवा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं.

आणि 'का' विचारू नका. माझा पहिला अर्ज होता, "पोर्टल वारंवार बंद का पडते?" उत्तर आलं, "सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." मी चिडले होते, पण त्यांचं बरोबर होतं. कार्यालयाकडं असलेला कागद मागता येतो. नसलेलं मत किंवा स्पष्टीकरण तयार करून द्यायला ते बांधील नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात म्हटलंय. 'का'चं उत्तर ज्या कागदात असतं तो कागद मागायचा.

माझा तिसरा अर्ज, जो चालला, तो असा होता:

विषय : (सेवेचे नाव) या ऑनलाइन सेवेच्या देखभालीचा करार व देयके
कालावधी : १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४
(१) निविदा क्र. ____ नुसार दिलेला कार्यादेश, करारनामा व त्याची सर्व परिशिष्टे यांच्या प्रती.
(२) सदर निविदेची शुद्धिपत्रके व बोलीपूर्व बैठकीतील प्रश्नोत्तरांच्या प्रती.
(३) वरील कालावधीत अदा केलेल्या प्रत्येक देयकाची प्रत, वजावटीच्या तपशिलासह.
(४) प्रत्येक देयकासोबत सादर झालेला सेवा-पातळी (एसएलए) अहवाल.
(५) करारास दिलेल्या मुदतवाढीचे आदेश व त्यावरील टिपणी.
माहिती व्यक्तिशः घेणार. नस्तीची (फाइलची) पाहणीही करू द्यावी.

चौथ्या ओळीतला सेवा-पातळी अहवाल म्हणजे करारात ठरल्याप्रमाणे पोर्टल चाललं का, याचा हिशेब. आणि यातली दुसरी ओळ विसरू नका. निविदेत कडक अटी असतात, वाचून बरं वाटतं. मग बोलीपूर्व बैठकीत कंपन्या "ही अट शिथिल करावी" म्हणून मागणी करतात आणि एका शुद्धिपत्रकात अट ढिली होते. मूळ निविदा घेऊन भांडायला गेलात तर तोंडावर पडाल.

ऑपरेटरांची नावं, पगाराच्या स्लिपा असलं काही मागू नका. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं आणखी घट्ट केलंय. पदं किती आणि त्यावर झालेला एकूण खर्च, एवढं पुरतं. सुरक्षा तपासणीचा पूर्ण अहवालही मागू नका. त्यात यंत्रणेतली भोकं लिहिलेली असतात, ती उघड होऊ नयेत यात आपलंच हित आहे. तपासणी कोणत्या तारखेला झाली, ती सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेनं केली का आणि प्रमाणपत्राची प्रत, एवढं मागा. तेही वेगळ्या अर्जात. विषय वेगळा झाला.

अर्ज हाती द्यायला गेलात तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, नंतर या" म्हणाले तर बसून राहा की. पोस्टानं पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. तीस दिवस पोचल्या तारखेपासून मोजायचे.

५. सोमवारी तीन वाजता फाइल बघायला जा

हे बहुतेकांना माहीतच नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हा पातळीवरच्या व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत न्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समोरच्या बाईंनीच ती वाचायला मागितली, आणि मग चांगली मदत केली. सगळे अडवायला बसलेले नसतात, कित्येकांना खरंच कुणी सांगितलेलं नसतं.

अर्जातून पाहणी मागितली असेल तर पहिल्या तासाला शुल्क नाही. झेरॉक्सला पानाला २ रुपये. करार दोनशे-तीनशे पानांचा असतो, म्हणून आधी पाहणी करायची, लागतील तेवढीच पानं मागायची. इथं वही लागते. फोटो काढू देतीलच असं धरून जाऊ नका.

फाइल उलटी वाचा. सरकारी फाइलीत एका बाजूला टिपण्या असतात, दुसरीकडं पत्रव्यवहार. टिपणीच्या शेवटच्या पानावरून मागं येत गेलं की कुठं काय अडलं होतं ते लवकर कळतं. लेखा विभागानं कुठं शेरा मारलाय का बघा. लेखापरीक्षकांचे आक्षेप आणि त्यावरचं अनुपालन, म्हणजे कार्यालयानं दिलेलं उत्तर, हा वेगळा गठ्ठा असतो, तोही मागा. आपण दोन तासांत जे शोधतो ते त्या लोकांनी बऱ्याचदा आधीच शोधून लिहून ठेवलेलं असतं, कुणी वाचलेलं नसतं एवढंच.

६. बिल वाचणं

आता मुद्द्याची गोष्ट. किंमत करारात दिसते, जबाबदारी बिलात. करारात दंडाची अट असणं आणि दंड कापला जाणं यात सोलापूर-पंढरपूरइतकं अंतर असू शकतं.

मी बघितलेल्या करारात ९९ टक्के अपटाइमची अट होती, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव तास पोर्टल चालू पाहिजे. ऐकायला कडक. पण गणित करा. तीस दिवसांचे ७२० तास, त्याचा एक टक्का ७ तास १२ मिनिटं. महिन्याला एवढा वेळ पोर्टल बंद राहिलं तरी अट मोडत नाही. आता पुढचं बघा. त्या करारात मोजणी महिन्याची नव्हती, तिमाहीची होती. नव्वद दिवसांचे २१६० तास, एक टक्का म्हणजे साडेएकवीस तास. जानेवारी, फेब्रुवारी सुरळीत गेले तर ३१ मार्चला जवळजवळ अख्खा दिवस पोर्टल बंद ठेवूनही कंपनी अटीत बसते. सगळं शहर ज्या दिवशी भरायला बसतं नेमका तो दिवस. म्हणून टक्का बघून हुरळू नका, मोजणी किती दिवसांची आहे ते शोधा.

त्याखालची ओळ वाचा: 'नियोजित देखभालीचा काळ वगळून'. मग नियोजित कशाला म्हणायचं? आधी किती तास सूचना द्यायची? हे लिहिलेलं नसेल तर बंद पडल्यावरही 'नियोजित' म्हणता येतं. मग अपटाइम मोजतो कोण ते बघा. कंपनीच मोजते आणि कंपनीच अहवाल देते, असं असेल तर ते माझ्या कारागिरानंच स्वतःच्या शिलाईवर 'पास'चा शिक्का मारण्यासारखं आहे. आणि मोजायचं काय? सर्व्हर चालू होता, मुखपृष्ठ उघडत होतं, पण पैसे भरायचं पान फिरतच राहिलं, तर अहवालात पोर्टल 'चालू' असतं. माझ्या बाबतीत दुसरा दिवस असाच मोजला गेला होता.

आता बिलाचा शेवटचा रकाना. देय रक्कम, टीडीएस, मग 'दंड वजावट'. मी आठ तिमाहींची बिलं ओळीनं मांडली. आठही ठिकाणी एकच शब्द: निरंक, म्हणजे काहीच नाही. ज्या तिमाहीत पोर्टल तिसऱ्या दिवशी उघडलं, त्या तिमाहीतसुद्धा निरंक. खाली प्रमाणपत्र, 'सेवा समाधानकारक असल्याची खात्री केली आहे', सही आणि शिक्का.

ती सही म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जबाबदार कोण? ज्यानं समाधानकारक म्हणून लिहून दिलं तो हुद्दा. मी खिडकीवरच्या माणसावर ओरडून आले होते, त्याचा यात काही संबंध नव्हता.

तुमचे स्क्रीनशॉट इथं कामाला येतात. बिलातला अहवाल एका बाजूला, तुमच्या तारखा-वेळा दुसऱ्या बाजूला, असा एका पानाचा तक्ता करा. शेजारपाजारच्या चार जणांचे स्क्रीनशॉट मिळाले तर आणखी बरं. आमच्या गल्लीतल्या टॉवेलवाल्यांनी दिले होते.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. मुदतवाढ कितव्यांदा दिलीय आणि करार संपला तर डेटा, सोर्स कोड, डोमेनचं नाव कुणाकडं राहणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात नसेल तर पहिल्याचं उत्तर तिथंच मिळतं. कंपनी बदलताच येत नाही, म्हणून मुदतवाढ.

७. टाळाटाळीची उत्तरं

'व्यापारी गुपित आहे, कलम ८(१)(घ).' हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्या कलमातच म्हटलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. शिवाय सार्वजनिक पैशातून दिलेल्या बिलात गुपित कसलं? फार तर कंपनीच्या तंत्रज्ञानाचा भाग झाका आणि बाकीचं द्या, कलम १० तेच सांगतं.

'त्रयस्थ पक्षाला विचारावं लागेल.' विचारू द्या. कलम ११ प्रमाणे पाच दिवसांत कंपनीला नोटीस, कंपनीला म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांत निर्णय. कंपनी 'नको' म्हणाली म्हणून माहिती आपोआप नाकारता येत नाही, निर्णय अधिकाऱ्याचा असतो.

'माहिती विस्तृत आहे.' कलम ७(९) फक्त कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नाकारण्याबद्दल नाही. पण त्यांच्या बाजूनंही बघा, दोन वर्षांच्या प्रती काढायला माणूस लागतो. "मग पाहणी करू द्या" म्हटलं की मार्ग निघतो.

'माहिती कंपनीकडं आहे.' बिल कार्यालयानं दिलंय. बिलाशिवाय पैसे कसे दिले, असं शांतपणे विचारा.

८. अपील

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील: जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. त्याच कार्यालयातले वरिष्ठ ते ऐकतात आणि तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. सुनावणीला जा, पोस्टावर सोडू नका. माझी अर्धी बिलं त्या सुनावणीत, दहा मिनिटांत मिळाली. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, तेव्हा झेरॉक्सचे पैसे भरायच्या आधी कलम ७(६) ची आठवण करून द्या.

तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोगाकडं. सोलापूर जिल्हा पुणे खंडपीठाकडं येतो. आयोग जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. मात्र तिथं रांग मोठी आहे, महिन्यांचा हिशेब धरून चाला.

इथं एक गल्लत बऱ्याच जणांची होते. माहिती अधिकारातून कागद मिळतो, अडलेलं काम होत नाही. दाखला किंवा परवाना अडला असेल आणि ती सेवा अधिसूचित असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली वेगळं अपील करा. तिथं दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दोन्ही बाजूंनी एकदम चालायला हरकत नाही.

९. कागद हाती आल्यावर

लगेच पेपरात द्यायला धावू नका. मी आधी तो एक पानाचा तक्ता जोडून कार्यालयप्रमुखांना पत्र दिलं: अमुक तिमाहीत करारातल्या अमुक कलमानं दंड लागू होतो का, हे तपासून वसुलीचा निर्णय कळवावा. प्रत मुख्य लेखापरीक्षकांना. ही दुसरी प्रत महत्त्वाची. लेखापरीक्षणात एकदा मुद्दा चढला की त्याचं अनुपालन कुणाला तरी लिहावंच लागतं. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्यायचं असेल तर बजेटच्या आधी द्या.

कराराची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती यायच्या सहा महिने आधी पुन्हा एक पत्र द्यायचं: नव्या निविदेत मोजणी महिन्याची असावी, शेवटच्या तारखेचा आठवडा वेगळा मोजावा, अपटाइम कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी मोजावा. अट एकदा सही होऊन गेली की पुढची तीन-पाच वर्षं काही करता येत नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलंय, त्या तिमाहीचा दंड 'तपासणीखाली' आहे. पाच बिलांचे सेवा-पातळी अहवाल अजून मिळालेले नाहीत, त्यासाठी दुसरं अपील पुण्याला गेलंय. तुमचं गेलं तर नोटीस नीट वाचा. काही सुनावण्या व्हिडिओ कॉन्फरन्सनं होतात, उगाच पहाटेची गाडी पकडून जाल. कागदांचे तीन संच करा, पानांना क्रमांक घाला, आणि अर्जावरचा आवक शिक्का सगळ्यात वर ठेवा. पहिल्यांदा तोच विचारतात.